विक्रांत आपली, विमाने परक्यांची

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की वाटेत चुडावा हे छोटे स्थानक लागते. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील हे गाव. काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन, पावसाने ओढ दिली की धास्तावणारी घरे. आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर. २८ एप्रिल २०२५ रोजी भारताने फ्रान्सशी करार केला. त्यानुसार नौदलासाठी २६ राफेल-मरीन विमाने सुमारे ६३,००० कोटी रुपयांना घेतली जाणार आहेत. ही बातमी वाचून चुडाव्यातील एखाद्या गृहस्थाने ‘एवढ्या पैशात मराठवाड्यात किती पाणी अडले असते?’ असे विचारले, तर त्याला गप्प बसविणे सोपे आहे. राष्ट्ररक्षणाचे नाव घेतले की आपल्याकडे पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परंतु त्याचा प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर मिळावयास हवे. आणि ते उत्तर शोधू लागले असता त्यातूनच दुसरा, अधिक अडचणीचा प्रश्न उभा राहतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या गृहस्थाच्या घरातच आहे. पेरणीच्या दिवसांत जे डीएपी खत शोधत त्याला दुकाने पालथी घालावी लागतात, त्याचा मोठा हिस्सा, अथवा ते बनविण्यासाठी लागणारा कच्चा माल, परदेशातून जहाजाने येतो. पोटॅश तर जवळजवळ सर्वच बाहेरून येते. ट्रॅक्टरमधील डिझेल ज्या खनिज तेलापासून निघते, त्याचे पाचांपैकी चार हिश्शांहून अधिक तेल आयात केलेले असते. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर ‘केम प्लुटो’ या रसायनवाहू जहाजावर ड्रोनचा आघात झाला. त्याच सुमारास येमेनमधील हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रातील वाहतूक विस्कळीत केली. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि भाडी वाढली. भारतीय नौदलाला अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताजवळ युद्धनौकांची राखण वाढवावी लागली. चुडाव्याच्या बांधावर टाकलेल्या खताच्या गोणीपर्यंत समुद्र असा येऊन पोहोचतो. ती वाट मोकळी राखावयाची तर किनाऱ्यावरून उडालेली विमाने पुरेशी नाहीत. त्यांना परतीच्या इंधनाची मर्यादा आहे. विमानवाहू नौका म्हणजे पाण्यावरून पुढे सरकणारा विमानतळच होय.

तेव्हा नौदलाला विमाने हवीत, याविषयी वाद नको. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाविषयी. ही विमाने विकत का घ्यावी लागतात?

‘आयएनएस विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीन शिपयार्डमध्ये नौदलात दाखल झाली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून स्फुरलेल्या अष्टकोनी चिन्हाचा नवा नौदल ध्वज त्याच दिवशी फडकला, म्हणून महाराष्ट्रातील घराघरांत तो समारंभ कौतुकाने पाहिला गेला. २६२ मीटर लांबीची ही नौका नौदलाच्या स्वतःच्या आरेखन विभागाने आखली. तिचे तीन चतुर्थांश काम स्वदेशी आहे. तिच्यासाठी लागणारे विशेष पोलाद बाहेरून वेळेवर मिळेना, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने आणि ‘सेल’ने ते येथेच तयार केले. नौकेचा सांगाडा आपला, पोलाद आपले, आरेखन आपले. आणि तिच्या डेकवर उभी राहिली ती रशियन मिग-२९के, उद्या येतील ती फ्रेंच राफेल. घर आपण बांधावे आणि त्यात राहावयास भाडेकरूच आणावा, असा हा प्रकार आहे.

वस्तुतः या डेकसाठी एक भारतीय विमान घडत होते. तेजस या हलक्या लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी बेंगळुरू येथे झाले आणि २००३ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी त्याला ‘तेजस’ हे नाव दिले. त्याच वर्षी या विमानाची नौदल आवृत्ती घडविण्यास सरकारने मंजुरी दिली. स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून अधिक वेगाने उडणारे, आणि नौकेवरून उडून नौकेवरच उतरणारे लढाऊ विमान स्वतः घडविणारी राष्ट्रे जगात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. भारताने त्या पंगतीत पाट मांडला तो असा.

हे काम जमिनीवरील विमानाला हूक लावण्याइतके सोपे असते, तर ती पंगत एवढी छोटी राहिली नसती. जमिनीवर उतरताना वैमानिक अखेरच्या क्षणी विमानाचे नाक किंचित उचलतो आणि चाके अलगद टेकवितो. हलत्या नौकेच्या आखूड डेकवर तशी उसंत नसते. तेथे विमान जवळजवळ आदळविलेच जाते. जमिनीवरील विमानाच्या दुपटीहून अधिक वेगाने ते खाली येते, शेपटीखालील हूक डेकवर आडव्या ताणलेल्या तीन पोलादी दोरांपैकी एकात अडकावा लागतो, आणि तो अडकला नाही तर पुन्हा उडता यावे म्हणून चाके टेकताच वैमानिकाला इंजिन पूर्ण जोरावर न्यावे लागते. थांबतानाही पूर्ण जोर! हा धक्का सोसावयाचा तर चाकांची जोडणी दणकट हवी, तिला धरून ठेवणारा धडाचा भाग दणकट हवा, हूक जेथे जोडलेला असतो तो कणाही दणकट हवा. दणकटपणा आला की वजन येते. आपल्या नौकांवर विमान फेकणारे यंत्र नाही. पुढचे टोक वर वळविलेल्या ‘स्की-जंप’ उतारावरून विमानाने स्वतःच्या बळावर उडावयाचे असते. म्हणजे वजन वाढले की इंजिन अपुरे पडते, इंजिन अपुरे पडले की इंधन आणि शस्त्रे कमी न्यावी लागतात, आणि शस्त्रांवाचून लढाऊ विमान हे केवळ संचलनाच्या उपयोगाचे राहते. नौदल तेजसमधील अमेरिकन एफ-४०४ इंजिनाचा रेटा सुमारे साडेआठ टनांचा. गाडी अडली ती तेथे.

या विमानाची शाळा भरली गोव्यात. दाभोळीच्या ‘आयएनएस हंसा’ या तळावर जमिनीवरच नौकेच्या डेकची हुबेहूब प्रतिकृती बांधण्यात आली: तोच स्की-जंप, तेच पोलादी दोर. पहिल्या नमुना विमानाने २७ एप्रिल २०१२ रोजी बेंगळुरूत आकाशात झेप घेतली. २० डिसेंबर २०१४ रोजी दाभोळीच्या स्की-जंपवरून ते प्रथम उडाले. या दोन्ही वेळी चाचणी वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळणकर. स्की-जंपवरून सुटतानाच्या त्या नाजूक क्षणांत विमान संगणकच सांभाळील, वैमानिकाला नियंत्रणदांडा हलवावाही लागणार नाही, अशी उड्डाणनियंत्रण प्रणाली भारतीय अभियंत्यांनी त्यासाठी लिहिली होती. तिचे गणित प्रत्यक्षात बरोबर उतरले. ही गोष्ट वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर कधी फारशी आली नाही. तेजसच्या विलंबावरील विनोद मात्र नियमितपणे येत राहिले.

डिसेंबर २०१६ मध्ये तत्कालीन नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुनील लांबा यांनी स्पष्ट केले की सध्याच्या रूपातील नौदल तेजस विमानवाहू नौकेसाठी जड ठरते आणि नौदलाला अन्य विमान पाहावे लागेल. लगोलग जानेवारी २०१७ मध्ये ५७ परदेशी विमानांसाठी कंपन्यांकडून माहिती मागविण्यात आली. स्वदेशीच्या अभिमान्यांपैकी अनेकांनी त्या वेळी नौदलावर तोंडसुख घेतले. ते अन्यायाचे होते. ज्या सेनेने आपल्या युद्धनौका देशात घडविण्याचा आग्रह दशकानुदशके धरला, तिच्या निष्ठेविषयी शंका घेणे शोभत नाही. अपुऱ्या इंधनानिशी आणि अपुऱ्या शस्त्रांनिशी वैमानिकाला समुद्रावर पाठविणे ही देशभक्ती नव्हे. विमान नाकारतानाच नौदलाने त्याच्या विकासकार्याला साह्य चालू ठेवण्याचेही सांगितले होते, हे तोंडसुख घेणाऱ्यांनी सोयीस्करपणे वाचले नाही.

पुढे जे घडले ते अधिक लक्षणीय आहे. नाकारल्या गेलेल्या विमानावर काम करणारी ती माणसे घरी बसली नाहीत. १३ सप्टेंबर २०१९ रोजी दाभोळीच्या दोरांत हूक अडकवून नौदल तेजस प्रथम थांबले. ताशी सुमारे २४० किलोमीटरचा वेग अवघ्या अडीच सेकंदांच्या आसपास शून्यावर आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हेच रात्रीच्या अंधारात करून दाखविण्यात आले. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर मावळणकरांनी ते विमान समुद्रात ‘आयएनएस विक्रमादित्य’च्या डेकवर उतरविले आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच उडविले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ते स्वदेशी विक्रांतवर उतरले. सेवेत कधीच दाखल व्हावयाचे नाही हे ठाऊक असलेल्या विमानासाठी एवढे कष्ट घेणाऱ्यांची मनःस्थिती कशी असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की सेवेतच न आलेल्या विमानाचा उपयोग काय? उत्तर दाभोळीतच आहे. जानेवारी २०२२ मध्ये फ्रेंचांनी आपले राफेल आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकनांनी आपले सुपर हॉर्नेट स्की-जंपवरून उडते हे सिद्ध करण्यासाठी आणले, ते याच गोव्याच्या तळावर! या दोन्ही देशांच्या मोठ्या विमानवाहू नौकांवर विमान यंत्राने फेकले जाते, त्यामुळे भारतीय नौकांना जुळणारी परीक्षा त्यांना आपल्या अंगणात येऊन द्यावी लागली. तळ आपला, परीक्षा आपली, निकष आपले. नौकेवरील विमान म्हणजे काय, हे स्वतः घडवून शिकलेल्या ग्राहकाला विक्रेता सहजासहजी फसवू शकत नाही. न शिकलेल्या ग्राहकाचे काय होते, तेही देशाने पाहिले आहे. ‘अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह’ ही जुनी नौका २००४ मध्ये ९७.४ कोटी डॉलरमध्ये दुरुस्त करून द्यावयाचे ठरले होते. ‘विक्रमादित्य’ होऊन २०१३ मध्ये ती हाती पडेपर्यंत हा आकडा २३० कोटी डॉलरच्याही पुढे गेला. तिच्यासाठी घेतलेल्या मिग-२९के विमानांविषयी नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०१६ चा अहवाल सांगतो की उड्डाणास सज्ज असणाऱ्या विमानांचे प्रमाण सुमारे १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान होते, आणि ४० इंजिने, म्हणजे ६२ टक्के, दोषांमुळे काढून घ्यावी लागली. त्या पैशाचा आणि त्या काळाचा हिशेब चुडाव्याच्या गृहस्थाने मागितला तर कोणी द्यावयाचा?

परक्याच्या हातातील विद्या किती काळ आपली असते, याचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. इसवी सन १६५९ च्या सुमारास शिवरायांनी कल्याण-भिवंडीच्या परिसरात जहाजे बांधावयास घेतली तेव्हा रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगिजाच्या देखरेखीखाली फिरंगी कारागीर कामाला लावले होते. मराठ्यांचे आरमार उभे राहिले तर आपली धडगत नाही, हे वसईच्या पोर्तुगिजांनी ओळखले आणि त्या कारागिरांना फितवून पळवून नेले. जहाजे अर्धवट राहिली. महाराजांनी दुसरे फिरंगी शोधले असते तर कदाचित पुन्हा तेच घडले असते. काम पुढे नेले ते कोकणच्या माणसांनी, फिरंग्यांच्या हाताखाली जे पाहिले-शिकले होते त्याच्या बळावर. वीस वर्षांनी, १६७९ मध्ये खांदेरी बेटाभोवती इंग्रजांशी झुंजले ते हेच आरमार. त्याची गलबते इंग्रजांच्या जहाजांहून लहान होती, तरी अंधाराचा फायदा घेऊन ती बेटावर रसद पोहोचवीत राहिली आणि इंग्रजांना बेट सोडून तह करावा लागला.

मे १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर पुन्हा वसईचीच गोष्ट घडली, केवळ दिशा उलट होती. तेजसची उड्डाणनियंत्रण प्रणाली तपासण्यासाठी अमेरिकेत गेलेल्या भारतीय अभियंत्यांना निर्बंध लादून परत पाठविण्यात आले. सामग्री तेथेच अडकली. काही वर्षे वाया गेली, परंतु ती प्रणाली अखेर बेंगळुरूत पुरी झाली. दाभोळीच्या स्की-जंपवर वैमानिकाला हात न लावता उडू देणारी विद्या ती हीच.

इंजिनाच्या बाबतीत मात्र असे घडले नाही, आणि येथे कौतुक थांबवून स्पष्ट बोलले पाहिजे. १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालेले ‘मरुत’ हे विमान जर्मन आरेखनकार कुर्ट टँक यांनी बेंगळुरूत ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखले होते. योग्य इंजिनच न मिळाल्याने ते ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्यावरच अडखळले. १४७ विमाने बनली, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ती उत्तम लढली, आणि त्यांच्यानंतर ती विद्या जपणारे पुढचे विमान आलेच नाही. आरेखनकारांची ती पिढी पांगली. तेजसचा आरंभ म्हणूनच जवळजवळ शून्यापासून करावा लागला. ‘कावेरी’ इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. त्याचे मोल आजही चुकवावे लागते: हवाई दलाच्या ८३ तेजस विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला, त्यांच्यासाठी मागविलेल्या ९९ अमेरिकन इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये आले. कारखान्यात विमानांचे सांगाडे इंजिनाची वाट पाहत उभे होते. येथे कोणी निर्बंधही लादले नव्हते. नुसता उशीर झाला, आणि विचारणारे कोणी नव्हते. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जेट इंजिन देशातच घडविण्याचे आवाहन तरुणांना केले, त्यामागची वेदना ही आहे. आवाहनाला निधीची आणि वीस वर्षांच्या धीराची जोड मिळते की नाही, हे मात्र सभेतील टाळ्यांवरून ठरत नसते.

धीर म्हणजे काय, हे शिकावयाचे तर नाव घेण्यास जड वाटले तरी चीनकडे पाहावे लागते. चीनने युक्रेनकडून एका रशियन विमानाचा नमुना मिळविला आणि त्यावरून जे-१५ हे नौकेवरील विमान घडविले. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते ‘लिआओनिंग’ नौकेवर उतरले. स्की-जंपवरून उडताना पुरेशी शस्त्रे नेता येत नाहीत म्हणून चीनच्याच माध्यमांत त्याची टर उडविली गेली. तक्रार तीच, जी २०१६ मध्ये नौदल तेजसविषयी झाली. चीनने ते विमान टाकून दिले नाही. आरंभी रशियन इंजिने, मग स्वतःची. आरंभी स्की-जंप, मग विद्युत्-चुंबकीय फेकयंत्र. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी असे यंत्र असलेली ‘फुजियान’ नौका चीनच्या नौदलात दाखल झाली, आणि तिच्यावरून सुधारलेले जे-१५ उडते, त्याच्या शेजारी नवे जे-३५ही उडते. तेरा वर्षांचे हे अंतर पैशाने भरून निघणारे नाही. ते न थांबता काम करीत राहिल्यानेच कापले गेले.

भारताकडे आज हातात काय आहे? दोन इंजिनांच्या स्वदेशी नौदल विमानाची योजना २०२० मध्ये पुढे आली. ते नौदल तेजसहून मोठे, पंख दुमडणारे आणि अधिक शक्तिशाली एफ-४१४ इंजिनांच्या जोडीवर उडणारे असावे, अशी तिची आखणी. नौदल तेजसने जेथे हात टेकले नेमक्या त्याच जागी, म्हणजे वजन आणि इंजिनबळ यांच्या मेळात, या योजनेने उत्तर शोधले आहे. हवाई दलाच्या ‘अ‍ॅम्का’ विमानाच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये सुमारे १५,००० कोटींची मंजुरी मिळाली. नौदलाच्या या विमानाच्या पदरात तेव्हा तसे काही पडले नव्हते. २६ राफेल विमानांच्या कराराशी या दोन्ही आकड्यांची तुलना करून पाहावी. त्या करारात शस्त्रे, प्रशिक्षण आणि देखभालही आहे हे धरूनसुद्धा एका विमानामागे सरासरी २,४०० कोटी रुपये पडतात. अशा सहा-सात विमानांच्या किमतीत ‘अ‍ॅम्का’एवढा विकासकार्यक्रम उभा राहतो. मिग थकत चालली आहेत आणि विक्रांतचा डेक रिकामा ठेवता येत नाही, म्हणून राफेल घेणे चूक म्हणता येत नाही. ती सर्व २०३० पर्यंत यावयाची आहेत. ती आली म्हणजे घाई संपली, असे दिल्लीतील कोणाला वाटू लागले, तर मात्र दाभोळीत शिकलेली माणसे मरुतच्या माणसांप्रमाणे एकेक करून निवृत्त होतील. काही परदेशी कंपन्यांत जातील, काही पुण्या-बेंगळुरूच्या संगणक कंपन्यांत, आणि पंधरा वर्षांनी कोणी तरी पुन्हा शून्यापासून आरंभ करील.

चुडाव्यापासून नांदेड रेल्वेने फार दूर नाही. तेथील श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत परिसरातील गावांची मुले शिकतात. त्यांतील एखाद्याने विमानाच्या चाकांच्या जोडणीत किंवा इंजिनाच्या पात्यांत आयुष्य घालावयाचे ठरविले, तर त्याला काम मिळेल असे एखादे ठिकाण पुढील वीस वर्षे सलग चालू राहील काय, हे त्याच्या आईवडिलांना ठामपणे सांगता येत नाही. संगणक कंपनीविषयी सांगता येते. मग मुलगा तिकडे जातो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. स्वदेशीवरील व्याख्यानांना टाळ्या वाजविणारी कुटुंबेही आपल्या मुलाला सल्ला देताना हाच व्यवहार पाहतात. त्यांना दोष देण्यापूर्वी तो व्यवहार बदलणे इष्ट.

त्यासाठी फार मोठी चळवळ नको. दोन इंजिनांच्या नौदल विमानाला मंजुरी आणि निधी कोणत्या वर्षी, दाभोळीत काम केलेल्या चमूतील किती जण त्यावर नेमले गेले, आणि इंजिन कोणत्या वर्षी देशात बनणार, एवढे तीन प्रश्न संसदेत लेखी विचारता येतात. किनाऱ्यावरील खासदारांनीच ते विचारावेत असा काही नियम नाही. मराठवाड्याच्या खासदारांनी विचारले तरी चालतील.